जुन्या सायकलींची कुळकथा

जुनी वस्तू पारखून घेणे हा एका परीने इतिहासाचाच अभ्यास होय. जुना वाडा घेणारा गृहस्थ आधी पायाचा दगड आणि तुळयांचे लाकूड पाहतो. जुनी भांडी घेणारी गृहिणी ठोक्यांवरून तांबटाचा हात ओळखते. वस्तू कोठे घडली, कोणी घडविली आणि कोणत्या परिस्थितीत घडविली, याचे ज्ञान जितके अधिक तितका फसगतीचा संभव कमी. सायकलीच्या वाट्याला मात्र ही जिज्ञासा क्वचितच येते. रंग बरा आहे, चाके फिरतात, घंटी वाजते, एवढ्यावर सौदा पुरा होतो.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या सायकलींचा विचार करणार आहोत त्या आपल्या नित्य परिचयाच्या काळ्या, उभ्या हँडलच्या सायकली नव्हेत. शर्यतीसाठी किंवा लांबच्या जलद प्रवासासाठी बनविलेल्या, मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेल्या हँडलच्या, पोलादी चौकटीच्या ज्या सायकली १९३५ पासून पुढे सुमारे अर्धशतक युरोप, अमेरिका आणि जपान येथे तयार झाल्या, त्यांची ही हकीकत आहे. आज नव्या शर्यतीच्या सायकली ॲल्युमिनियमच्या वा कार्बनच्या असतात आणि त्यांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. म्हणून तिकडील गावोगावी अल्प वेतनाचा नोकर, विद्यावेतनावर जगणारा विद्यार्थी किंवा नुसता हौशी मनुष्य जुन्या पोलादी सायकलीकडे वळतो. त्याच्यापुढे एकाच किमतीच्या तीनचार सायकली उभ्या असतात: एक इंग्लिश, एक फ्रेंच, एक जपानी, क्वचित एखादी इटालियन. यांतील कोणती घ्यावी? ज्याचे रोजचे कामावर जाणे त्या सायकलीवर अवलंबून आहे आणि ज्याच्या खिशात दुसऱ्यांदा चूक करण्याइतके पैसे नाहीत, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न क्षुल्लक नाही. त्याचे उत्तर त्या त्या देशाच्या उद्योगाच्या इतिहासात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या सायकली इतक्या मोठ्या संख्येने शिल्लक कशा राहिल्या ते पाहू. याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेत १९७० ते १९७४ या काळात आलेल्या एका लाटेला आहे. तोवर अमेरिकेत मोटारीने सायकलीला मुलांच्या खेळण्याच्या पदवीला नेऊन बसविले होते. मग व्यायामाची आवड, प्रदूषणाविषयीची जागृती आणि तरुण पिढीची नवी अभिरुची यांच्या संयोगाने प्रौढ माणसे एकाएकी दहा गिअरच्या सायकलीसाठी दुकानांपुढे रांगा लावू लागली. १९७० मध्ये त्या देशात सुमारे ७० लाख सायकली विकल्या गेल्या होत्या. १९७३ मध्ये हा आकडा १ कोटी ५० लाखांच्या वर गेला. त्याच वर्षीच्या अखेरीस तेलटंचाई आली आणि मागणीस आणखी हातभार लागला. परंतु १९७५ मध्ये ही लाट ओसरली आणि विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. लाटेच्या भरात घेतलेल्या असंख्य सायकली दोनचार उन्हाळे वापरून तळघरांत आणि मोटारखान्यांत टांगून ठेवल्या गेल्या. मालक म्हातारे झाले, घरे रिकामी झाली, आणि त्या सायकली धर्मादाय दुकानांत व जुन्या बाजारांत येत राहिल्या. आजच्या गरजू गिऱ्हाइकाचा खजिना तो हाच. या लाटेत मागणी भागविण्याकरिता कारखान्यांनी घाईघाईने जे काम केले त्याचाही दोष या खजिन्यात मिसळलेला आहे, हे विसरता कामा नये.

सायकलीचा प्राण तिच्या चौकटीत असतो. चाके बदलता येतात, ब्रेक बदलता येतात. चौकट बदलली की सायकलच बदलली. या चौकटीच्या नळ्यांच्या बाबतीत इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराचे ऋण सर्वांना मान्य करावे लागते. १८९७ मध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स या खिळे बनविणाऱ्या घराण्यातील कारखानदाराने एका सहकाऱ्याच्या साह्याने अशा नळीचे पेटंट घेतले की, जिची भिंत दोन्ही टोकांशी जाड आणि मध्यभागी पातळ असते. सांध्याशी ताण अधिक, म्हणून तेथे धातू अधिक. मध्ये ताण कमी, म्हणून तेथे वजन कमी. कल्पना साधी, पण बाहेरून एकसारखी दिसणारी नळी आतून अशी घडविणे सोपे नव्हते. १९३५ मध्ये याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रणाचे ‘५३१’ नावाचे पोलाद बाजारात आणले. पुढील चाळीस वर्षे उत्तम सायकलीची ओळख म्हणजे चौकटीवर चिकटविलेली ५३१ ची लहानशी पट्टी, असे समीकरण होऊन बसले. इटलीत मिलान शहरी कोलंबस या नावाच्या नळ्यांनी असाच लौकिक मिळविला.

ही पट्टीसुद्धा नीट वाचावी लागते. काही पट्ट्यांवर केवळ तीन मुख्य नळ्या ५३१ च्या असल्याचे लिहिलेले असते. काहींवर नळ्या टोकांशी जाड नसून सरसकट एकाच जाडीच्या असल्याचा खुलासा असतो. संपूर्ण चौकट, चिमटा आणि मागचे दांडे याच पोलादाचे असल्याचे सांगणारी पट्टी वेगळी. विकणारा तिन्हींना एकच नाव देतो आणि एकच किंमत मागतो.

आता देशवार विचार करू. इंग्लंडचे नाव निघाले की आपल्या लोकांच्या तोंडी प्रथम रॅले येते. १८८७ च्या सुमारास नॉटिंगहॅम शहरातील रॅले नावाच्या रस्त्यावर हा कारखाना लहान प्रमाणावर निघाला आणि फ्रँक बाउडेन या धनिकाने तो हाती घेतल्यावर जगातील मोठ्या सायकल कारखान्यांत त्याची गणना होऊ लागली. परंतु इंग्लंडातील शर्यतीच्या सायकलीचा खरा पिंड कारखान्यात नव्हे, क्लबांत घडला. तेथील राष्ट्रीय सायकल संघाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरील सामुदायिक शर्यतींना बंदी घातली. त्यामुळे तेथील हौशी खेळाडू पहाटे, गाजावाजा न करता, एकेकटे घड्याळाविरुद्ध धावत. पर्सी स्टॅलर्ड यांनी १९४२ च्या जूनमध्ये लँगॉलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामुदायिक शर्यत घडवून आणली तेव्हा ते बंड समजले गेले. या क्लबांतील मनुष्य बहुधा कामगार वा कारकून असे. त्याच्यापाशी सायकल एकच. तीवरूनच आठवडाभर कामावर जायचे, तीवरूनच रविवारी शर्यतीच्या ठिकाणी पोहोचायचे, तेथे मडगार्ड उतरवून धावायचे आणि ते पुन्हा लावून घरी यायचे. म्हणून जुन्या इंग्लिश चौकटीत मडगार्डांना जागा असते, ते बसविण्यासाठी भोके असतात, आणि जाड टायरही त्यात मावतो. गरिबीने लादलेली ही सोय आजच्या गरीब गिऱ्हाइकाच्या फार उपयोगी पडते.

रॅलेने १९६० मध्ये वर्क्सॉपचा कार्लटन हा कारखाना विकत घेतला आणि आपल्या उंची सायकली तेथे बनवून घेण्यास प्रारंभ केला. स्वस्त सायकली नॉटिंगहॅमच्या प्रचंड कारखान्यातून निघत. येथे खरेदीदाराने सावध असावे. पायट्यांचा कणा ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो, त्याच्या आत वाट्या बसविण्यासाठी आटे पाडलेले असतात. इतर इंग्लिश कारखाने दर इंचास २४ आटे पाडीत. रॅलेने आपल्या नॉटिंगहॅमच्या पुष्कळ सायकलींत स्वतःचे २६ आट्यांचे माप चालविले. कारखाना मोठा होता, त्याचे सुटे भाग साम्राज्यभर मिळत होते, तेव्हा इतरांच्या मापाची पर्वा त्याने कशास करावी? पण साम्राज्य गेले, नॉटिंगहॅममध्ये चौकटी बनविणे १९९९ मध्ये थांबले, पुढे तेथील जुळणीही बंद झाली, आणि कारखान्याच्या आवारातील काही भागावर आज विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत. २६ आट्यांची वाटी शोधणाऱ्याला आता बरीच पायपीट करावी लागते.

फ्रान्सची कथा याहून करुण आहे. प्यूजो हे घराणे मूळचे करवती आणि कॉफीच्या चक्क्या बनविणारे. १८८२ मध्ये ते सायकलींकडे वळले आणि पुढे फ्रान्सभर फिरणाऱ्या जगप्रसिद्ध शर्यतीत त्यांचे खेळाडू वारंवार जिंकू लागले. बेर्नार तेव्हने यांनी १९७५ आणि १९७७ साली ती शर्यत प्यूजोच्याच पथकातून जिंकली. सायकल हा फ्रान्सचा राष्ट्रीय अभिमान होता. सेंट एतियेन या शहरात पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडविणारे कारागीर सायकलीचे भाग घडवू लागले होते. डिजोंमध्ये ल्युसिएँ ज्युई यांचा सिम्प्लेक्स कारखाना साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारे यंत्र, म्हणजे डिरेलर, बनवीत होता. क्लेर्मों फेराँचे माफाक ब्रेक सर्वत्र नावाजले जात होते. वाऱ्यासारखी पळणारी, रस्त्याचे हिसके गिळून टाकणारी अशी फ्रेंच चौकटीची ख्याती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

अमेरिकेतील लाटेत फ्रान्समधून जी स्वस्त प्यूजो सायकल लाखो घरांत गेली तीत मात्र दोन वैगुण्ये होती. १९६२ पासून सिम्प्लेक्सने डिरेलरसाठी एका प्रकारचे प्लास्टिक वापरण्यास सुरुवात केली होती. नवेपणी ते हलके आणि सुबक दिसे. काळाच्या ओघात ते चिरते, तुटते. हे वैगुण्य दूर करता येते, कारण डिरेलर काढून दुसरा लावणे हे फार मोठे काम नव्हे. दुसरे वैगुण्य चौकटीच्या हाडांत होते. मीटरचा पुरस्कार जगात ज्या राष्ट्राने प्रथम केला, त्याने सायकलीचे मापही अर्थातच मेट्रिक ठेवले. नळकांड्याचा व्यास ३५ मिलिमीटर, आट्यातील अंतर १ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंचे आटे उजवे. यांतील शेवटची गोष्ट यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही गैरसोयीची, कारण पायटे मारता मारता उजवीकडची वाटी हळूहळू सैल होऊ लागते. इंग्लिशांनी आणि स्विसांनी ती बाजू डाव्या आट्यांची करून हा उपद्रव टाळला होता. हँडलची दांडीही फ्रान्समध्ये २२ मिलिमीटर, इतरत्र २२.२. दोन दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. हातोडीला मात्र जाणवतो. पायट्यांचे आटे वेगळे, फ्रीव्हीलचे आटे वेगळे, क्रँक काढण्याचे औजारही कारखान्यागणिक वेगळे.

फ्रान्सचा उद्योग समर्थ होता तोवर यात कोणास अडचण भासली नाही. ऐंशीच्या दशकात फ्रेंच कारखान्यांनी एकामागून एक इंग्लिश माप स्वीकारले, आणि त्याच सुमारास जुने फ्रेंच भाग बनविणारे कारखाने बंद पडू लागले. मोटोबेकानसारखी सुंदर रंगकामाबद्दल प्रसिद्ध असलेली कंपनी डबघाईस येऊन जपानी मालकीत गेली. तिच्या सत्तरीच्या दशकातील कित्येक सायकलींत स्विस माप आहे, आणि ते फ्रेंच मापाहूनही दुर्मिळ आहे. अशा रीतीने एका थोर परंपरेची अपत्ये पोरकी झाली.

या पराभवात एक विजयही लपलेला आहे आणि तो नोंदविणे न्यायाचे होईल. त्या काळी निर्यातीच्या सायकलींना बहुधा २७ इंची चाके असत; त्यांच्या धावेचा व्यास, जेथे टायर बसतो तेथे, ६३० मिलिमीटर. फ्रेंचांचे शर्यतीचे चाक ‘७०० सी’ नावाने ओळखले जाई. त्याचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर. आटे इंग्लिशांचे जगाने घेतले, परंतु चाक फ्रेंचांचे घेतले. आज २७ इंची टायर मिळतात, पण निवड थोडी. ७०० सी चे टायर कोठेही मिळतात. जुन्या सायकलीला नवी चाके घालावयाची झाल्यास ब्रेकची टोके चार मिलिमीटर खाली उतरतील काय, एवढेच पाहावे लागते. बहुतेक जुन्या ब्रेकांना ते साधते.

इटलीविषयी बोलताना मनुष्य सहसा अलंकारिक होतो. १८८५ मध्ये एदुआर्दो बियांकी यांनी मिलानमध्ये दुकान उघडले. त्यांच्या फिकट निळसर हिरव्या रंगाच्या सायकलीवरून फाउस्टो कॉप्पी यांनी १९४९ आणि १९५२ साली फ्रान्सची शर्यत जिंकली. व्हिचेन्झाचे तुलियो कांपान्योलो यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात की, १९२७ मध्ये एका बर्फाळ घाटात चाकाच्या चाप्या गोठल्यामुळे त्यांची शर्यत हुकली आणि त्या निराशेतून एका खटक्यात चाक सुटे करणारी युक्ती जन्मास आली. आख्यायिकेचा खरेखोटेपणा कसाही असो; १९३३ मध्ये निघालेल्या त्यांच्या कारखान्याने पुढे जे डिरेलर आणि हब बनविले, त्यांची घडण पाहून घड्याळजीने मान डोलवावी. पन्नास वर्षांनंतरही ते उघडून, पुसून, वंगण घालून पुन्हा चालू करता येतात.

या कीर्तीचा मोबदला गिऱ्हाइकाकडून वसूल होतो. १९९७ मध्ये तोस्कानातील गायोले या गावी जुन्या सायकलींची एक यात्रा सुरू झाली. खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून, १९८७ पूर्वीच्या सायकलींवर, जुन्या पद्धतीच्या पोशाखात लोक मैलोगणती जातात. पहिल्या वर्षी तेथे अवघे ९२ जण होते. पुढे ती हजारोंची झाली आणि तिच्या धर्तीवर इतर देशांतही यात्रा निघाल्या. जुन्या इटालियन सायकली अशा रीतीने पूजेच्या देवघरात गेल्या. तेव्हा अल्प पैशांत जी ‘इटालियन’ सायकल मिळते ती बहुधा साध्या पोलादाची, एखादा प्रसिद्ध भाग दर्शनी लावलेली अशी असते. नाव मोठे आणि लक्षण खोटे, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

अमेरिकेच्या स्वतःच्या सायकलींपैकी शिकागोच्या श्विन कंपनीची व्हार्सिटी ही सर्वांत अधिक आढळते. १९६० पासून निघालेली ही सायकल विजेच्या साह्याने जोडलेल्या जाड नळ्यांची आहे. तिच्या टिकाऊपणाबद्दल वाद नाही. कित्येक ठिकाणी ती पिढीजात वापरात आहे. परंतु तिचे वजन १७ ते १८ किलो भरते, तर त्याच काळातील चांगली शर्यतीची सायकल १० ते ११ किलोंची असे. चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो. ज्याचे गाव सपाट आहे आणि ज्याला सायकल पावसात बाहेर ठेवावी लागते, त्याने ती खुशाल घ्यावी.

शेवटी जपानकडे वळू. ओसाका शहरालगतचे साकाई हे बंदर सोळाव्या शतकात तोड्याच्या बंदुकांसाठी प्रसिद्ध होते. पुढे सुऱ्या आणि कात्र्यांसाठी झाले. त्याच लोहारांच्या गावात १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो यांनी फ्रीव्हील बनविण्याचा लहान कारखाना काढला. मियाता हा सायकल कारखानाही मूळचा बंदुका घडविणाऱ्यांचाच. इंग्लंडात बी.एस.ए., फ्रान्समध्ये सेंट एतियेन, जपानात मियाता: बंदुकीची नळी घडविणारे हात तीन देशांत सायकलीच्या नळीकडे वळावेत, हा योगायोग नव्हे. पोलादी नळी सरळ, पोकळ आणि भरवशाची बनविण्याची विद्या दोहोंस सारखीच लागते.

१९६४ मध्ये सनटूर या नावाने भाग विकणाऱ्या जपानी कंपनीतील नोबुओ ओझाकी यांनी डिरेलरच्या चौकोनाला तिरपे केले. फ्रीव्हीलवरची चक्रे लहानमोठी असल्यामुळे ती शंकूसारख्या उतारावर असतात. जुना डिरेलर सरळ आडवा सरके, म्हणून त्याचे मार्गदर्शक चाक काही चक्रांच्या जवळ तर काहींपासून दूर राही आणि साखळी अडखळे. तिरपा डिरेलर उताराला धरून सरकतो व अंतर सर्वत्र सारखे राहते. युक्ती इतकी साधी की, ती आधी कोणास सुचली नाही याचेच नवल वाटावे. परिणाम असा झाला की, सत्तरीच्या दशकात जपानचा स्वस्त डिरेलर युरोपातील महागड्या डिरेलरपेक्षा सफाईने साखळी बदलू लागला. १९८४ मध्ये पेटंटची मुदत सरताच शिमानोने तीच रचना उचलली, तीत गिअरच्या खटक्यांची जोड घातली आणि बाजार जिंकला. मूळ शोध लावणारी कंपनी मात्र पुढच्या दहाबारा वर्षांत विकली गेली. तिचे नाव आता दुसऱ्यांच्या मालावर आढळते. संशोधकाचे फळ दुसऱ्याने चाखल्याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत, त्यांत हे आणखी एक.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने जपानचे याहून मोठे शहाणपण दुसऱ्याच गोष्टीत आहे. जपान हे मेट्रिक राष्ट्र. तरीही निर्यातीच्या सायकलींत त्याने इंग्लिशांचे इंची आटे स्वीकारले: व्यास १.३७० इंच, दर इंचास २४ आटे, उजव्या बाजूस डावे आटे. स्वतःचे माप जगावर लादण्याइतके बळ त्याच्याकडे त्या वेळी नव्हते. गिऱ्हाइकाच्या गावातील दुकानदाराकडे जी वाटी असेल ती आपल्या चौकटीत बसली पाहिजे, एवढा व्यवहार त्याने पाहिला. पुढे हेच माप आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. म्हणून फुजी, मियाता, निशिकी, पॅनासोनिक वा ब्रिजस्टोन यांची सत्तरीच्या उत्तरार्धातील किंवा ऐंशीच्या पूर्वार्धातील सायकल आज उघडली, तर नव्या वाट्या आणि नवा कणा तीत विनातक्रार बसतो. १९८५ च्या सप्टेंबरात पाच राष्ट्रांनी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात चलनाविषयी करार केला. दोन-अडीच वर्षांत येनच्या हिशेबात डॉलरची किंमत जवळपास निम्मी झाली, आणि जपानी सायकल परदेशात महाग होऊन ते काम तैवानकडे गेले. त्यामुळे सुमारे १९७५ ते १९८७ हा काळ खरेदीदाराने लक्षात ठेवावा. उत्तम कारागिरी आणि माफक किंमत यांचा असा मेळ फार काळ टिकत नसतो.

एवढा इतिहास हाती आल्यावर पारख करणे अवघड नाही. सर्वप्रथम चौकटीची उंची आपल्या पायांस जुळते काय ते पाहावे. न जुळणारी सायकल फुकट मिळाली तरी महागच. नंतर पुढच्या सांध्यामागे, आडव्या व तिरप्या नळीच्या खालच्या अंगास बोट फिरवावे. तेथे फुगवटी वा रंगास सुरकुती आढळली तर ती सायकल कोठेतरी समोरून आदळली आहे असे समजावे. हेच चिमट्याचे: तो मागे वाकलेला नसावा. मागच्या चाकाच्या एका खाचेपासून सुतळी पुढच्या सांध्यावरून नेऊन दुसऱ्या खाचेस बांधावी आणि उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंची अंतरे मोजावीत; ती सारखी भरली तर चौकट सरळ. सीटचा दांडा आणि हँडलची दांडी हलतात काय ते अवश्य पाहावे, कारण पोलादी नळीत ॲल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षे राहिला म्हणजे दोन धातू एकजीव होऊन बसतात. चाकांच्या रिमला लोहचुंबक लावून पाहावे. तो चिकटला तर रिम पोलादाची: ती जड, आणि पावसात तीवर ब्रेक लागण्याची वाट पाहावी लागते. न चिकटला तर ॲल्युमिनियमची, म्हणजे निम्मे काम झाले. गंज, फाटलेली सीट, सुकलेले टायर यांना भिऊ नये; पण टायर, ट्यूब, साखळी, तारा व ब्रेकचे गुटके यांचा खर्च सायकलीच्या किमतीत मिळवूनच सौद्याचा विचार करावा. पुष्कळदा ही बेरीज मूळ किमतीच्या वर जाते, आणि जी सायकल थोडी महाग दिसत होती तीच शेवटी स्वस्त ठरते.

मग निवाडा कोणता? चारही सारख्या किमतीच्या आणि सारख्या स्थितीत असतील तर अल्प पैशांच्या माणसाने जपानी सायकल घ्यावी. ती नसेल, किंवा पावसाळी मुलखात मडगार्डांची गरज असेल, तर ५३१ पोलादाची इंग्लिश घ्यावी. मात्र २४ आट्यांची की २६, हे आधी विचारावे. फ्रेंच सायकल तिचे नळकांडे, कणा आणि वाट्या शाबूत असतील तरच घ्यावी, आणि घेतल्यावर तिच्यावर प्रेम करण्याची तयारी ठेवावी. इटालियन ज्याला परवडते त्याला आमच्या सल्ल्याची आवश्यकता नाही.

आमच्या बहुतेक वाचकांचे आयुष्य बदल्यांत जाते. आज जबलपूर, उद्या कानपूर, परवा गुवाहाटी, असा ज्यांचा संसार चालतो त्यांना हा निवाडा अपरिचित वाटू नये. आपल्या देशातही १९५२ च्या सुमारास आसनसोलला सेन-रॅले कारखान्यातून रॅले सायकली निघू लागल्या, मद्रासजवळ अंबत्तूरला हर्क्युलिस बनू लागली, मुंबईत हिंद सायकलचा कारखाना होता, सोनिपतला ॲटलास आणि लुधियानास हिरो उभी राहिली. त्यांपैकी हिंद आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, तरी त्या तगल्या नाहीत; सेन-रॅलेच्या बिल्ल्याचा तर एके काळी केवढा रुबाब होता! परंतु कारखाने गेले म्हणून त्यांच्या सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या नाहीत. याचे कारण हेच की, या सर्व काळ्या सायकली एकाच इंग्लिश नमुन्यावर बेतलेल्या होत्या. लुधियानाच्या लहान लहान कारखान्यांत घडलेली वाटी, कॉटर पिन वा कणा त्यांतील कोणत्याही सायकलीस चाले, आणि झाडाखाली बसलेल्या मिस्त्रीच्या डब्यातही ते सापडे. बदलीच्या गावी सायकल रेल्वेच्या मालडब्यातून उतरवून घेणाऱ्या कारकुनाला त्यावर कोणाचा बिल्ला आहे यापेक्षा ती तेथे दुरुस्त होईल काय याची चिंता अधिक असे, आणि ती रास्तच होती.

यांत्रिक वस्तूंच्या इतिहासात कीर्ती आणि आयुष्य या दोन गोष्टी नेहमी बरोबर जात नाहीत. फ्रान्सच्या सायकलीने शर्यती जिंकल्या, पण तिची वाटी तिच्या घरच्यांनीच बनविणे सोडले. जपानच्या सायकलीला त्या वेळी कोणी फारसा मान दिला नाही. जगाच्या मापाशी जुळवून घेतल्यामुळे ती अद्याप चालते आहे. स्वतःच्या मापाचा अभिमान वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तसा अभिमान बाळगणाऱ्याने आपल्या मागे ती मापे सांभाळणारा कोणी राहील, याची तजवीज मात्र करून ठेवली पाहिजे. ज्याच्यापाशी थोडेच पैसे आहेत आणि रोजचा रस्ता लांबचा आहे, त्याने ज्या सायकलीचा सुटा भाग पुढच्या चौकातील दुकानात मिळेल ती सायकल निवडावी, तिला वंगण घालावे, आणि बिल्ल्याचा विचार न करता निघावे.